कोरड्या वाऱ्यातली बोट

लग्न ठरलं तेव्हा मिस्त्रींनी काकूंना पुष्कळ काही कबूल केलं होतं. वेगळं बिऱ्हाड, खोलीत ऊन, सासूच्या तोंडापासून बचाव. त्यातलं एकही जमलं नाही आणि काकूंनी त्याबद्दल कधी नाक मुरडलं नाही. पण सगळ्यात शेवटी ते असंही म्हणाले होते, की एक दिवस स्वतःच्या हातानं बोट बांधीन आणि तुला समुद्रापार नेईन. लग्नाआधी तरुण माणसं असलं काहीबाही बोलतातच. शहाण्या मुली ऐकून हसतात आणि विसरून जातात. काकू हसल्या, पण विसरल्या नाहीत, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

मिस्त्री एका मालकाकडे बोटी बांधणारे सुतार होते. खऱ्या लाकडाच्या बोटी, फळीला फळी जोडून केलेल्या. काकू शिवणकाम करत. एका अरुंद गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक मशीन, कापडांचा ढीग, एक खिडकी, आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर समोरच्या गोदामाची भिंत. जन्मभर लोकांच्या पँटी आखूड करता करता काकूंनी मान वर केली की समोर ती भिंत. उन्हाळ्यात तिचे पापुद्रे निघत, पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ चढे, आणि काकूंना तिचा कोपरान्‌कोपरा पाठ झाला होता. दागिन्यांचा सोस त्यांना नव्हता, साड्यांचा, कपड्यांचा तर नव्हताच, कारण रोज तेच हातात. चारी बाजूंनी नुसतं पाणी असावं आणि नजर जाईल तिथपर्यंत कुणाचीही भिंत नसावी, एवढं एकदा बघायचं होतं. हे त्या कुणाला फारसं सांगत नसत. सांगितलं तर लोक हसतात, हा अनुभव होता.

मिस्त्रींचे हात मालकाच्या कामातून मोकळे झाले आणि त्यांनी धक्क्याच्या एका कोपऱ्यात खरोखरच बोट बांधायला घेतली. कितीतरी वर्षं ती चालली होती. धक्क्यावरच्या लोकांनी आधी थट्टा केली, मग कौतुक केलं, मग त्यांना तिची सवय झाली. शिडं काकूंनी शिवली, दुहेरी शिलाई घालून. बोटांना भोकं पडली, पण शीड असं झालं की बघणाऱ्यानं हात फिरवून बघावं. शेवटच्या वर्षी राहती जागा मुला-सुनेला देऊन दोघं धक्क्यावरच्याच एका खोलीत राहायला आली. दोन बाजा, एक स्टोव्ह, आणि बाकी सगळीकडे दोर.

"वहिनी, या वयात लोक गुडघ्याला तेल लावतात, तुम्ही शिडाला मेण लावताय," मिस्त्रींच्या धाकट्या बहिणीनं येऊन सुनावलं. या वन्सं म्हणजे तोंडाळ बाई, पण मनानं वाईट नव्हत्या. "दादा तर लहानपणापासूनच तसला. तुम्ही तरी डोकं ठिकाणावर ठेवायचं."

"माझं ठिकाणावरच आहे, वन्सं," काकू म्हणाल्या. "ठिकाणच बदलतंय."

मिस्त्री तिथेच बसून रंधा मारत होते. ते हसले. काकूंना नंतर ते हसणं पुष्कळदा आठवलं. त्या वेळी मात्र त्यांना ते अभिमानाचं वाटलं होतं.

निघायचं ठरलं आणि वारा सुटला.

हा वारा पावसाचा नव्हता. पावसाचा वारा बरा, तो येतो, आदळआपट करतो आणि जातो. हा जमिनीकडून येणारा, कोरडा, गरम, डोळ्यांत धूळ भरणारा वारा होता. ओठ फुटत, दारं आपटत, वाळत घातलेले कपडे कडक होऊन परत येत. बंदराच्या तोंडाशी समुद्र नुसता उकळत होता आणि तिथल्या कचेरीवर बोटींना मनाईचं लाल निशाण लागलं होतं. मिस्त्री रोज सकाळी कचेरीत जाऊन विचारत आणि तिथला कारकून खिडकीतून डोकंही न काढता म्हणे, "अजून नाही." काकूंना त्या माणसाचा राग येई. वारा काही त्यानं सोडला नव्हता, पण दुसऱ्या कुणावर रागावणार?

थांबायचं म्हणजे काय करायचं, हे काम करणाऱ्या माणसाला कधीच उमगत नाही. आळशी माणूस बरोबर थांबतो. मिस्त्रींनी पहिल्या आठवड्यात सगळ्या गाठी सोडून परत मारल्या. मग बोटीतला स्टोव्ह डावीकडून उजवीकडे नेला, तो तिथे गैरसोयीचा झाला म्हणून परत डावीकडे आणला. सुकाणूला तेल दिलं, ते जास्त झालं म्हणून पुसलं. शेजारच्या बोटीवर काम करणारा रंगारी हे सगळं बघत असे. "मिस्त्री, आता बोटीची वेणीफणी तेवढी राहिली," तो ओरडे, आणि धक्का हसे. काकूही हसत. दिवस वाया जात होते तरी त्यांचा उत्साह अजून टिकून होता. वारा कधीतरी पडणारच, हे साधं गणित त्यांनी मनाशी धरलं होतं.

पण कोरडा वारा बोटीला वाईट. पाण्याबाहेर टेकूंवर उभी असलेली लाकडी बोट असल्या वाऱ्यात सुकते, फळ्या आक्रसतात आणि दोन फळ्यांमधले सांधे उघडे पडतात. आत उभं राहिलं तर सांध्यातून बाहेरचा उजेड दिसतो. यावर उपाय धक्क्यावरच्या शेंबड्या पोराला ठाऊक असतो. बोटीवर ओली पोती घालायची, आत पाणी शिंपडायचं, आणि वाट बघायची. सांध्यांत कापसाचा पीळ ठोकतात तो बेताचा. कारण बोट पाण्यात गेली की फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि फटी आपोआप बुजतात. तिथे आधीच गच्च कापूस भरलेला असला तर फुगायला जागा राहत नाही. मग लाकूड जोर लावतं, आणि लाकडाच्या जोरापुढे आतल्या बरगड्या टिकत नाहीत.

हे मिस्त्रींइतकं कुणाला माहीत असणार? एकदा एका कामगारानं उन्हात सुकलेल्या बोटीचे सांधे असेच गच्च ठोकले, तेव्हा मिस्त्रींनी त्याच्या हातातली ठोकायची लाकडी मोगरी हिसकावून समुद्रात भिरकावली होती. पोटच्या मुलावर कधी आवाज न चढवलेला माणूस त्या दिवशी सगळ्या धक्क्यासमोर ओरडला. "ती जागा लाकडाची असते, तुझी नाही!" तो कामगार आता स्वतःच मिस्त्री झाला होता आणि ही गोष्ट हसून सांगत असे.

काकूंनी आपणहून पोती भिजवून बोटीवर घातली. दुपारी येऊन बघतात तर पोती खाली.

"अहो, पोती कुणी काढली?"

"मी. बुरशी धरेल."

"या वाऱ्यात बुरशी?"

"उद्या घालतो मी नीट. तू नको त्यात पडू."

तो उद्या काही आला नाही. त्याऐवजी एका सकाळी मिस्त्री मोगरी आणि बोथट छिन्नी घेऊन बोटीखाली बसले. कापसाचे पीळ वळायचं काम काकूंकडे असे, शिवणकामाचा हात म्हणून. त्यांनी नेहमीच्या जाडीचे वळून दिले.

"जरा जाड कर," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी जाड केले.

"अजून."

"एवढे? मावतील का?"

"वाऱ्यानं फटी केवढ्या झाल्यात बघ ना."

काकूंना खटकलं नाही असं नाही. कापसात हात घातलेला असताना एकदा त्यांच्या मनात आलं, की विचारावं. पण ज्या माणसानं जन्मभर हेच केलं त्याला शिवणकाम करणाऱ्या बाईनं काय शिकवायचं? आणि खरं सांगायचं तर त्यांना निघायची एवढी घाई झाली होती, की कुठलंही काम पुढे सरकताना दिसलं की बरं वाटे. मोगरीचा ठोका दिवसभर ऐकू येई. खालून वरून लांबी भरून, रंग मारून सांधे असे बुजवले की बोट एकाच ओंडक्यातून कोरल्यासारखी दिसू लागली. जाणकारानं वाकून बघितलं असतं तर त्याला कळलं असतं. पण मिस्त्रींच्या कामाकडे वाकून कोण बघणार? त्यांचं नाव होतं.

एका पहाटे दारं आपटायची थांबली. काकू बाहेर आल्या तर समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत आणि कचेरीवरचं लाल निशाण उतरलेलं. त्यांनी अंघोळही न करता मिस्त्रींना हलवून उठवलं. मिस्त्री उठून बसले आणि बराच वेळ पायांकडे बघत राहिले.

"पडला वाटतं वारा," ते म्हणाले.

क्रेननं बोट पाण्यात सोडली तेव्हा सगळा धक्का गोळा झाला होता. मुलगा आणि सूनबाई कामावरून रजा काढून आले होते, वन्सं नवा रुमाल घेऊन आल्या होत्या, रडायला. बोट पाण्यावर बसली. रंगारी आत उतरून तळ चाचपून वर आला आणि ओरडला, "थेंब नाही! खडखडीत कोरडी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवी बोट पहिल्या दिवशी थोडं पाणी घेते, फळ्या फुगेपर्यंत. ही घेत नव्हती. लोकांना वाटलं, कारागिरीची कमाल आहे. काकूंना तर गगन ठेंगणं झालं. मिस्त्रींनी सगळ्यांचे हात हातात घेतले, पण त्यांच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. थकले असतील, असं सगळेच म्हणाले.

आणखी काही दिवस बोट पाण्यातच बांधून ठेवायची, लाकूड बसू द्यायचं आणि मग निघायचं, अशी रीत. काकू रोज बोटीवर जाऊन सामान लावत. पिठाचे डबे, पाण्याचे कॅन, औषधं, मिस्त्रींचा चष्मा आणि जादाचा चष्मा. त्यांनी बसायची जागासुद्धा ठरवून टाकली होती, सुकाणूच्या शेजारी, जिथून तिन्ही बाजूंना आडवं काही येत नाही. तिथे बसून बघताना त्यांना स्वतःचंच हसू आलं, लहान मुलीसारखं.

त्या दुपारी त्या आत वाकून डबे रचत होत्या. धक्क्यावर मिस्त्री दोर गुंडाळत होते, रंगारी बिडी ओढत होता, मुलगा आणि सूनबाई निरोपाचं खायला घेऊन आले होते. एकदम बोटीच्या पोटातून आवाज आला. फांदी मोडावी तसा, पण कितीतरी मोठा. काकूंच्या पायाखालची फळी थरारली. त्यांनी दचकून बाहेर डोकं काढलं. रंगारी वळून बघत होता, बिडी तशीच हातात. मुलगा उठून उभा राहिला होता. पलीकडच्या बोटीवरचे दोघं, चहावाला, दोराच्या ढिगावर झोपलेला म्हातारा, झाडून सगळे बोटीकडे बघत होते.

फक्त मिस्त्री वळले नाहीत. ते दोर गुंडाळत राहिले.

दुसरा आवाज आला तेव्हाही त्यांनी वेटोळं पुरं केलं, खाली ठेवलं आणि मगच मान वर केली. मग ते "अरे, अरे" करत धावले, जसं धावायला हवं तसंच. पण तोवर काकूंचं बघून झालं होतं.

पाण्याला आत यायला वाट मिळाली होती. काकूंना हात देऊन वर काढलं, डबे गेले ते गेलेच. संध्याकाळपर्यंत क्रेन आणून बोट परत टेकूंवर चढवली. एका बाजूच्या बरगड्या ओळीनं मोडल्या होत्या आणि फळ्या बाहेर आल्या होत्या. बघणाऱ्यांना कारण सांगायची गरज पडली नाही. सांध्यांतून कापूस दोरीसारखा बाहेर लोंबत होता.

मग सांत्वनाला रीघ लागली. मिस्त्रींचं वय झालं, एवढे दिवस वाऱ्यात तिष्ठून डोकं पिकलं, होतं असं माणसाचं. ज्याची मोगरी त्यांनी समुद्रात फेकली होती तो कामगारही आला. तो हसला नाही. त्यानं मिस्त्रींच्या पाठीवर हात ठेवला आणि थोपटलं. मिस्त्रींनी थोपटू दिलं.

"म्हातारचळ, दुसरं काय," मिस्त्री सगळ्यांना सांगत. "पोराटोरांना शिकवत आलो आणि शेवटी मीच माती खाल्ली. हसा खुशाल." लोक हसत नसत, त्यांना वाईट वाटे. काकू बाजूला बसून ऐकत. या माणसाकडे जन्मभर दुसरं काहीच नव्हतं, ना जागा, ना जमीन. होतं ते नाव. ते तो लोकांसमोर हसत हसत चिखलात टाकत होता, आणि बायकोला एक वाक्य सांगायचं तेवढं टाळत होता. काकूंना बोटीचं दुःख झालंच, पण त्याहून याचा संताप आला. आपण एवढ्या भयंकर बाई आहोत का, की आपल्याला एक वाक्य सांगण्यापेक्षा माणसानं अब्रू घालवावी?

"काकू, तुम्ही जपा त्यांना," रंगारी म्हणाला. "फार लागलंय मनाला."

"हो ना," काकू म्हणाल्या. "वय झालंय आता त्यांचं."

हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं. काकूंना सगळं ठाऊक आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रंगाऱ्याला वाटलं बोटीसाठी.

पुढचे दिवस असे उजाडले की कारकूनसुद्धा खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, इतकी छान हवा कित्येक वर्षांत नव्हती. रोज कुणाची ना कुणाची बोट निघे. शीड वर चढे, माणसं हात हलवत, आणि बंदराच्या तोंडाबाहेर ती बोट लहान लहान होत जाई. काकू खोलीच्या दारात उभ्या राहून बघत आणि कुणालाही उलट हात हलवत नसत. मुलगा म्हणाला, पुढच्या वर्षी जाल, त्यात काय. सूनबाईनं फक्त सामानात भिजलेला सासूचा स्वेटर धुऊन आणला. काकूंना त्यातल्या त्यात तिचंच बरं वाटलं.

मिस्त्रींनी मोडलेल्या बरगड्या काढायला घेतल्या. खिळे उपटायचे, लाकूड मापायचं, नव्याचा साचा करायचा. महिन्या दोन महिन्यांत संपणारं हे काम नव्हतं. आणि काकूंच्या लक्षात आलं की मिस्त्री शीळ घालताहेत. वारा सुटल्यापासून त्यांना नीट झोप नव्हती, जेवण नव्हतं, आता ते दोन घास जास्त खात होते. त्यांना आवडतं ते त्यांना परत मिळालं होतं.

चहाचा कप घेऊन काकू बोटीपाशी गेल्या. मिस्त्री उघड्या बरगड्यांच्या आत बसून छिन्नीला धार लावत होते. काकूंनी कप त्यांच्या हातात दिला आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"तुम्ही वळला नाहीत," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी कशाकडे, असं विचारलं नाही. त्यांनी कप तसाच बाजूच्या फळीवर ठेवला.

"मला पाण्याची भीती वाटते," ते शेवटी म्हणाले. "पहिल्यापासून. बोटी पाण्यात सोडायचो आणि मागे फिरायचो. बंदराच्या बाहेर मी कधी गेलेलो नाही. तुझ्या कधी लक्षात आलं नाही?"

काकूंच्या कधी लक्षात आलं नव्हतं. त्या दुकानात असत, तिथून धक्का दिसत नसे. पण आता आठवून बघितलं तर इतक्या वर्षांत, पाण्यावर काय काय झालं याची एकही गोष्ट त्यांनी घरी येऊन सांगितली नव्हती. सगळ्या गोष्टी लाकडाच्या.

"मग शब्द कशाला दिलात?"

"तेवीस-चोवीसचा होतो. तू छान हसायचीस." मिस्त्रींनी छिन्नीच्या धारेवर अंगठा फिरवला. "पुढे वाटलं, तू विसरशील. मग वाटलं, बांधायलाच इतकी वर्षं लागतील की विषयच संपेल. पण तू विचारलंस का कधी मला, की तुम्हाला जायचंय का म्हणून? शिडं शिवायला बसलीस. जागा देऊन टाकलीस."

"देऊन टाकली? दोघांनी दिली." काकूंचा आवाज चढला. "एक वाक्य होतं. मला नाही जायचं, एवढंच म्हणायचं होतं. तोंडाला कुलूप लागलं होतं का? त्यासाठी माझ्याच हातून कापूस वळून घेतलात?"

दूर कुणाच्या तरी बोटीचं शीड फडफडलं आणि ताठ झालं.

"म्हणालो असतो तर तू काय केलं असतंस?"

"राहू द्या म्हटलं असतं."

"तेच. राहू द्या म्हटलं असतंस. तुझा स्वभावच तो. एका शब्दानं बोलली नसतीस, आणि मग मरेपर्यंत रोज सकाळी माझ्याकडे बघितलं असतंस."

"आणि आता?"

"आता बोटीकडे बघशील, असं वाटलं होतं."

काकू बोटीकडे बघत नव्हत्या.